टेंगसे सरांचा अंदाज

टपरीवर चहा केव्हा होणार, हे टपरीवाल्याच्या आधी टेंगसे सरांना कळायचं. आधी स्टोव्हकडे बघायचे, मग पातेल्याकडे आणि शेवटी टपरीवाल्याच्या तोंडाकडे. मग म्हणायचे, "चला, तोवर झेरॉक्स काढून येऊ. ह्याला आता बायकोचा फोन येणार." फोन यायचा. चहा उतू जायचा. टपरीवाला फडकं शोधत धावायचा आणि आम्ही तोंड लपवून हसायचो.

"सर, तुमाला कसं कळतं हो?"

"रोज ह्याच वक्ताला येतो की फोन. वेग इचारू नका, सवय इचारा."

वेग विचारू नका, सवय विचारा. हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की सरांनी तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी ते म्हणून टाकायचं. सर रागावायचे नाहीत. उंच, वाळकुडा माणूस, चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बडीशेपेची पुडी. लग्न असो नाहीतर मंत्र्यांची भेट असो, पायात सँडलच. बोलणं आमच्यासारखंच, अस्सल परभणीचं. मोठ्या शहरात नोकरी करून परत आलेला माणूस भाषा तिकडेच धुऊन येतो. सरांनी ती घडी न मोडता परत आणली होती.

वसमत रोडला एका बँकेच्या वर आमचं केंद्र होतं. शेतकऱ्यानं सोयाबीनच्या किंवा कापसाच्या पानाचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा, तो कॉम्प्युटरनं तपासायचा आणि रोग कोणता, फवारायचं की नको, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा पंप पाठीला लागायच्या आत सांगायचं. पावसानं उघडीप दिली की फोटोंचा ढीग पडायचा. एका कॉम्प्युटरला ते झेपणारं नव्हतं आणि मोठं मशीन घ्यायची केंद्राची ऐपत नव्हती. म्हणून सरांनी जिल्हाभर फिरून कॉलेजांत, शाळांत, पतसंस्थांत रिकामे बसणारे कॉम्प्युटर इंटरनेटनं जोडले होते. काम तुकड्यांत वाटायचं, प्रत्येकानं आपला तुकडा करून परत पाठवायचा.

मी नवी होते तेव्हा शहाणपणानं म्हटलं होतं, "मंग सगळ्याला सारखं वाटून टाकलं की झालं."

"लग्नात पंगत कवा उठते?" सरांनी विचारलं.

"समद्यांचं जेवण झालं की."

"समद्यांचं न्हाई. शेवटच्याचं झालं की. बाकीचे हात वाळवीत बसतेत. एखाद्या म्हाताऱ्याला तू तरण्या पोराइतकं वाढलंस तर पंगत दुपारपर्यंत उठायची न्हाई. म्हणून कोण किती वेळ घेणार हे आधी ओळखायचं आन् त्या मानानं वाढायचं."

सरांचा प्रोग्राम हेच करायचा. कोणत्या मशीननं मागे कोणतं काम किती वेळात केलं, हे बघून पुढचं काम तिथं किती वेळ घेईल याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे भार वाटायचा. एवढं तर पुस्तकात शिकवतात. सरांचं वेगळेपण पुस्तकाबाहेर होतं.

चारठाण्याच्या शाळेतला कॉम्प्युटर नवा कोरा होता, पण काही दिवशी तिथं पाठवलेलं काम परतच यायचं नाही. दुसऱ्या कुणी केबल बदलली असती. सर मला घेऊन एसटीत बसले. "डायव्हर बोरीला चहाला थांबणार," असं परभणी सोडतानाच म्हणाले आणि डायव्हर बोरीला थांबला. चारठाण्याला पोचल्यावर त्यांनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. हेडमास्तरांच्या घरी भाकरी-ठेचा खाल्ला, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, गाय कितव्यांदा व्यायली ते विचारलं, चुलत्याच्या दुकानाचं कसं काय म्हणाले. मी मनात म्हणत होते, हा माणूस कामाला आलाय की पाव्हणचाराला?

परत येताना जुन्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला. "बाजाराच्या दिवशी हेडमास्तर लवकर घरी जातो आन् जाताना मेन स्विच पाडतो. चुलत्याचं दुकान शॉर्टसर्किटनं जळालं, तवापासून त्याला भेव हाय."

"मंग त्यांना सांगू या ना, पाडू नका म्हणून."

"सांगितलं तर हाव म्हणंल आन् पाडंलच. भेव सांगून जात न्हाई." त्या दिवसापासून बाजाराच्या दुपारी चारठाण्याला काम जाणं बंद झालं आणि तक्रारही संपली. मला ते फार भारी वाटलं होतं. सर मशीनच्या आत बघत नाहीत, मशीनच्या आसपासच्या माणसाच्या मनात बघतात, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

माणसांची विचारपूस हा सरांचा जीव की प्राण होता. केंद्रात आलेल्या माणसाची बॅग खाली टेकायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे. घरी काय म्हणतेत? वडलांची शुगर? पोरगी कितवीला? गाडी कोणती मिळाली, जागा मिळाली का? नुसतं विचारून थांबायचे नाहीत. माझ्या आईची कंबर धरली तेव्हा परभणीतला डॉक्टर त्यांनीच शोधला, तिच्याबरोबर रांगेत बाकड्यावर बसून राहिले, तिला ऊस खायला आणून दिला. आई हसून म्हणाली होती, "सर, ऊस काय खायाचा, जनम गेला त्यो तोडन्यात." असं आईच्या तोंडून निघून गेलं. तोवर मी केंद्रात कुणालाच सांगितलं नव्हतं की आमचं घर दिवाळीनंतर साखर कारखान्याला ऊस तोडायला जातं. विचारलं तर मी शेती म्हणायचे. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. सरांनी तो विषय चारचौघांत कधी काढला नाही. त्यासाठी मी मनातून त्यांच्या पाया पडले होते.

जिंतूरच्या मशीनची गोष्ट तर मी माझ्या भावालाही सांगितली होती. तिथल्या कॉलेजातलं एक मशीन मंद होतं. प्रोग्राम त्याला कमी कमी काम देत गेला आणि शेवटी द्यायचाच बंद झाला. पुढे एक दिवस तिथल्या लॅबमधल्या माणसाचा फोन आला. "टेंगसे सर, आमच्यावर काही नाराजी हाय का? मशीन नुसतं बसून हाय." चौकशीत कळलं, कॉलेजनं मागेच त्यात नवी मेमरी टाकली होती. मशीन पळायला लागलं होतं. पण प्रोग्रामच्या लेखी ते मंदच, कारण काम दिल्याशिवाय त्याचा नवा वेग कळणार कसा?

सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाले, "ज्याला काम देत न्हाई त्याची खबर येत न्हाई. खबर येत न्हाई म्हणून काम देत न्हाई. ह्यात त्या मशीनचा काय गुन्हा?" मग त्यांनी प्रोग्राम बदलला. कितीही मंद असलं तरी प्रत्येक मशीनला अधूनमधून एखादं लहान काम द्यायचं आणि बघायचं. इतका न्यायी माणूस मी तोवर बघितला नव्हता. दगडाच्या देवालाही आपण नैवेद्य दाखवतो. मी तर चालत्याबोलत्या माणसाला दाखवत होते.

गंगाखेडला केंद्राची दुसरी शाखा निघायचं ठरलं तेव्हा सरांनी मला गॅलरीत बोलावून सांगितलं, "ते तू चालवायचं. तुझ्याशिवाय कोण हाय तिकडचं?" आमचं राणीसावरगाव तिथून जवळ. घरून जाऊन येऊन मी एक अख्खं केंद्र चालवणार होते. माझ्या हाताखाली माणसं असणार होती. मी आईला सांगितलं आणि आईनं गावाला.

आणि मग मी ती चूक केली, जी सरांसमोर सगळेच करायचे. मनातलं बोलले. पोळा होऊन गेला होता. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "चेहरा का उतरलाय गं?"

कारखान्याला नवरा-बायको मिळून जातात. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. दादा-वहिनीचा आमचा कोयता. त्या वर्षी वहिनी पोटुशी होती, तिला आई नव्हती म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं. आईची कंबर गेलेली. "दादा एकलाच राहिला, सर. एकल्याला अर्धा कोयता म्हणतेत, त्याला कोणी टोळीत घेईना. घरचे मला चल म्हणतील का, असं भेव वाटायलंय." मी रडलेही थोडी. सरांनी बडीशेप दिली. खूप वेळ ऐकून घेतलं, मधे मधे विचारलं. दहावीपर्यंत तू दरसाल जायचीस का? मधेच शाळा सुटायची का? वहिनीचे दिवस कधी भरतात? मला वाटलं, हा माणूस माझं दुःख समजून घेतोय.

घरी मात्र त्याच आठवड्यात निकाल लागला. मी दादाला सांगितलं की मी येणार नाही, काही झालं तरी नाही. दादा म्हणाला, तुला नेतंय कोण? त्यानं कोयता घेतलाच नाही, मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. एवढी साधी गोष्ट होती. ती सरांना सांगायची राहून गेली, कारण त्यांनी परत विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर जिन्यात वैभव भेटला. वैभव आमच्याच केंद्रातला, परभणीचा, सरळ मनाचा मुलगा. म्हणाला, "ताई, तुमी कारखान्याला कवा निघायलाव? जायच्या आधी गंगाखेडचं सगळं मला समजावून सांगा म्हणजे झालं."

माझ्या पायाखालची पायरी सरकली. "गंगाखेडचं तुला कशाला?"

"मीटिंगमध्ये ठरलं की. तुमच्या घरचं सगळं सांगितलं सरांनी. आईची कंबर कशी हाय आता?"

सर खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. मला बघून त्यांनी कागदावर माझ्या बाजूला चार फोडी सरकवल्या.

"सर, मी कारखान्याला जाणार हाय, असं कोणी सांगितलं?"

"तूच."

"भेव वाटायलंय म्हणले होते मी."

"तेच म्हणतो मी." त्यांचा आवाज मऊ होता, चारठाण्याला हेडमास्तरांशी बोलतानाचा. "दादा अर्धा कोयता. वहिनीचे दिवस ऐन हंगामात भरणार. आई उठू शकत न्हाई. मंग उरलं कोण? दहावीपर्यंत तू दरसाल गेलीस. शाखा चालू होणार ऐन हंगामात. तू मधीच निघून गेलीस तर काम बंद पडंल आन् नाव तुझं खराब होईल. त्यापरीस भार आधीच काढलेला बरा. तुझ्याच भल्यासाठी केलं, बेटा."

"आन् हे समद्यांपुढं सांगितलं?"

"कारण इचारलं त्यांनी. मी खोटं कसं सांगू?"

"मला एकदा इचारायचं व्हतं, सर."

"तू न्हाई जाणार, असंच म्हणली असतीस." त्यांनी संत्र्याची एक बी कागदावर ठेवली. "माणूस सोताबद्दल काय सांगतो ते मी धरत न्हाई. कुणाचंच न्हाई. माझं सोताचं बी न्हाई."

मी म्हटलं, "जिंतूरच्या मशीनला तुमी काम देऊन बघितलंत."

सरांनी हातातली फोड परत कागदावर ठेवली. एवढी लाज त्यांना होती, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "मशीनची गोष्ट येगळी. तिथं चुकलं तर फोटो परत पाठवता येतेत."

लोक मला समजावतात की सरांनी वाईट हेतूनं केलं नाही. मलाही माहीत आहे. त्यानं काय होतं? मी त्याला दगाच म्हणते. चोर घरात शिरला तर आपण कुलूप तरी बदलतो. ज्याला आपण पाट मांडून बसवलं, रडून दाखवलं, त्यानं आपल्याच रडण्याचा हिशेब करून आपल्याला बाजूला सारलं, तर काय बदलायचं? त्या दिवसापासून त्यांची जुनी विचारपूस मला आठवायला लागली आणि एकेक आठवण नासली. आईबरोबर बाकड्यावर बसले होते तेव्हा माया करत होते की माहिती घेत होते? मला वाटतं दोन्ही. आणि दोन्हीत फरक असतो, हे त्या माणसाला कधी कळलंच नाही.

पौषात रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर अजून जातच होते आणि मी रोज माझ्या खुर्चीवर होते. सरांच्या समोरच्या खुर्चीवर. तरी माझ्याकडे मोठं काम येईना. ही जाणार आहे, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत बोलणं हळू व्हायचं. एकीनं आईसाठी जुन्या साड्यांची पिशवी आणून दिली, चांगल्या मनानंच. ती पिशवी मी एसटीत सीटखाली ठेवली आणि तिथंच सोडली. सरांना मी काही सांगायला गेले नाही. रोज डोळ्यांपुढे बसत होते, त्याहून जास्त काय सांगायचं?

वहिनीला मुलगी झाली. थंडी सरता सरता बारसं केलं, आणि आईनं मला न विचारता सरांना फोन लावला. सर आले. गंगाखेडहून वडापच्या जीपनं, हातात झबल्या-टोपड्याची पिशवी. आईनं त्यांच्यासाठी सतरंजीवर वेगळी घडी घातली आणि शेजारणींना सांगितलं, ह्या सरांमुळं आमची पोरगी हापिसात बसती. मी आत भांडी विसळत राहिले, बाहेर आलेच नाही. पण वाढायला मलाच लागलं.

पंगतीत सर दादाच्या शेजारी होते. मी वरण घेऊन पुढे आले तेव्हा ते दादाला विचारत होते, "हंगाम चालू हाय अजून. तुमी इतक्यातच कसे आलाव?"

"कुठून?"

"कारखान्यावरनं."

"गेलोच न्हाई की," दादा म्हणाला. "पोळ्याच्या येळंलाच ह्या सुनीनं सांगितलं, मी काय येनार न्हाई, तुजं तू बग. मंग म्या मानवतला जिनिंग धरलं. बरं हाय, आठवड्याला घरी येतो."

सरांचा हात ताटात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. मी वरण वाढलं आणि पुढे गेले.

हात धुताना ते माझ्याजवळ आले. तांब्यातून पाणी मीच घालत होते. "अंदाज चुकला," म्हणाले. माफी मागायची ही त्यांची पद्धत असावी, कारण त्यानंतर बराच वेळ ते ओले हात तसेच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वैभव पुण्याला जायलाय. उन्हाळा सरला की गंगाखेडची जागा मोकळी होईल. ह्या बारीला तुझंच नाव देतो. तू न्हाई म्हणू नको."

इतके दिवस मनात जपलेला राग असा तांब्याभर पाण्यात वाहून जावा, याची मला लाज वाटली. पण थोडा वाहिलाच. मी टॉवेल दिला. "न्हाई कशाला म्हणू?" म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला, गार.

त्यांना सोडायला मी आणि आई फाट्यावर गेलो. घुगऱ्या बांधून द्यायच्या राहिल्या होत्या म्हणून मी परत घरी धावले. पुडी घेऊन आले तोवर एसटी लागली होती आणि सर खिडकीशी बसले होते. मी पुडी वर दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडे फार मायेनं बघितलं. मघाशी डोक्यावर हात ठेवला होता, त्यापेक्षा वेगळं होतं ते. "सुखी राहा, बेटा," म्हणाले. गंगाखेडचं काही बोलले नाहीत. कंडक्टरनं बेल दिली.

"काय बोलत व्हते गं सर?" मी आईला विचारलं.

"काय न्हाई. तुजं इचारायलेते. म्या म्हनलं, यंदा उरकायचं हाय हिचं. परळीकडचं स्थळ बगायलाव."

"आई, मी त्या स्थळाला न्हाई म्हणलंय."

"ते मला ठावं हाय. पन सरांनी लय मायेनं इचारलं. पोरगं कुठं असतं, घरी मानसं किती, तारीक कवाची धरायलाव. समदं सांगितलं म्या. लय चांगला मानूस."

एसटी अजून वळणावरच होती. समोरून बैलगाडी येत होती म्हणून थांबली होती. धावले असते तर गाठता आली असती. खिडकीशी जाऊन एवढंच सांगायचं होतं की लग्न ठरलेलं नाही, मी करणार नाही, मी इथेच आहे.

मी धावले नाही. माझं सांगणं त्यांनी धरलं नसतं.